तीनशे अठ्ठ्याऐंशी नंबरची फाईल

१

"माझी फाईल कुठंय?"

सून एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात, की स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या सासूबाईंच्या हातातलं गाळणं कलंडलं.

मंगळवारची सकाळ होती. सून तीन दिवस अंधशाळेत राहून, तिसऱ्या भागाची एकेक ओळ तिथल्या बाईंबरोबर तपासून नुकतीच घरी परतली होती. खांद्यावरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. तशीच ती बाहेरच्या खोलीतल्या संगणकासमोर बसली आणि छापायचा हुकूम दिला, तर पडद्यावर आलं: प्रिंटर सापडत नाही.

चार वर्षं ती घरून ब्रेल पुस्तकं छापत होती. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत तिचं यंत्र होतं, ट्रंकेएवढं, जाड कागदावर धडाधड ठिपके ठोकणारं. दहावीच्या इतिहासाचे दोन भाग अकरा मुलांच्या हातात पोचले होते. तिसरा राहिला होता आणि परीक्षा एकोणीस दिवसांवर आली होती.

यंत्र जुनं, बनवणारी कंपनी बुडालेली. संगणकाचं बोलणं त्या यंत्राला कळावं म्हणून एक सॉफ्टवेअर लागायचं, ड्रायव्हर. ते कुठेच मिळत नव्हतं. शेवटी हे यंत्र ज्यांनी घडवलं त्यांतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरचा पत्ता तिनं शोधून काढला, त्याला चौदा पत्रं पाठवली, तेव्हा त्यानं सात दिवस चालणारी एक लिंक धाडली. तो इंजिनिअर गेल्या वर्षी वारला. सुनेनं उतरवून घेतलेली ती फाईल म्हणजे तिच्या माहितीतली जगातली एकुलती एक. एक प्रत संगणकावरच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर.

आता फोल्डर लख्ख दिसत होता. माळ्यासारखा कोंबून भरलेला तो पसारा गायब झाला होता. त्या जागी दोनच फोल्डर होते, 'लागणारं' आणि 'नंतर बघू'. दोन्हीत ती फाईल नव्हती. किल्ल्यांच्या खुंटीवरचा पेनड्राइव्ह तिनं लावून पाहिला. रिकामा.

नवरा गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आला.

"अगं, रविवारी मी जरा आवरलं ते. काय उकिरडा केला होतास! एक 'भंगार' नावाचा फोल्डर केला आणि सगळं बिनकामाचं त्यात घालून पुसून टाकलं. त्यात गेली असेल चुकून." मग मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच हातून गेली असणार. चुकलो मी. माफ कर."

"आणि पेनड्राइव्ह?"

"तो शनिवारी खालच्या घड्याळवाल्या काकांनी नेला होता. त्यांनी काहीतरी केलं असेल."

सून उठली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं आवरायला? मला एक फोन करता येत नव्हता? अकरा मुलांचं वर्ष आहे हो त्यात! इतका निष्काळजी माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

"तोंड सांभाळ!" सासूबाई गाळणं हातात घेऊनच बाहेर आल्या. "माझा मुलगा आणि निष्काळजी? एकवीस वर्षं स्टोअरकीपर आहे तो. एवढ्या मोठ्या गोदामातला एक खिळा कधी इकडचा तिकडे झाला नाही. आणि तुझी फाईल हरवेल?"

"मग गेली कुठे, आई? पाय फुटले तिला?"

चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या या सासूला अजूनही ओळखीचे लोक रेकॉर्डबाईच म्हणत. संगणकाच्या माउसला तिनं आजवर बोट लावलं नव्हतं. पण हरवलेल्या फायलींबद्दल तिला कुणी काही शिकवावं, अशी वेळ कधी आली नव्हती.

"फाईल हरवत नसते," ती म्हणाली. "कुणीतरी ती हरवतं. आणि ते माझ्या मुलानं केलेलं नाही. हे मी तुला दाखवून देते, मग माफी माग त्याची."

मुलगा चप्पल घालता घालता थांबला. "आई, जाऊ दे ना. मी कबूल केलंय ना चुकलं म्हणून?"

"तू गप्प बस," रेकॉर्डबाई म्हणाली.

२

मुलगा कामावर गेला. रेकॉर्डबाईनं खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी मांडली. दोघींच्या नाकाचे शेंडे अजून लाल होते.

"दाखव तुझी रेकॉर्ड रूम."

"आई, मला आत्ता..."

"दाखव म्हटलं ना!"

सुनेनं दाखवलं. फोल्डर म्हणजे कपाट, हे रेकॉर्डबाईला लगेच समजलं. फाईल पुसली की आधी रद्दीच्या टोपलीत जाते आणि टोपली रिकामी केली की कायमची जाते, हेही समजलं.

"टोपली बघ."

"रिकामी आहे."

"आवरण्याआधी एकूण फायली किती होत्या?"

"सहाशे चाळीस. शनिवारी निघताना खाली आकडा दिसला होता. लाज वाटली म्हणून लक्षात राहिला."

"आता?"

"लागणारं तीनशे. नंतर बघू सत्त्याण्णव."

"म्हणजे भंगारात गेल्या दोनशे त्रेचाळीस." रेकॉर्डबाईनं दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात आकडा लिहिला. "आता त्याची यादी आणली की मिटलं. कुठली फाईल कुठे घातली, सगळं असेल त्यात."

तिनं मुलाला फोन लावला. "अरे, रविवारी आवरलंस त्याची यादी कुठे ठेवलीस?"

"यादी? यादी कशाला करू आई, घरचं तर काम."

रेकॉर्डबाईनं फोन ठेवला. भाजी आणायला जाताना यादी करणारा आणि आल्यावर पिशवी उपसून ती पुन्हा ताडून बघणारा हा मुलगा. लग्नात आलेल्या भेटवस्तूंचं रजिस्टर त्यानं मांडवातच लिहून पुरं केलं होतं.

"काय म्हणाले?"

"घाईत होता," रेकॉर्डबाई म्हणाली.

ती उठली आणि येरझाऱ्या घालू लागली. "आमच्या कचेरीत एक पद्धत होती बघ. कुणाला एखादी फाईल नको असली की तो ती नुसती उचलत नसे. तो रेकॉर्ड रूमला रंग काढायची वाट बघायचा. कपाटं हलली, गठ्ठे हलले, की त्यात ती एकच फाईल नाहीशी. विचारलं की सगळे म्हणायचे, रंगकामात गेली असेल कुठेतरी. मी किती वेळा सांगितलंय हे जेवताना. इथंही तेच झालंय. कुणीतरी याच्या आवराआवरीचा फायदा घेतलाय."

"कुणी, आई? घरात आपण तिघंच."

"शनिवार ते सोमवार इथे कोण कोण आलं? घड्याळवाला आला. आणि सोमवारी मी पेन्शनच्या कामाला गेले होते, तेव्हा तो संगणकाचा डॉक्टर येऊन गेला म्हणे, पंखा साफ करायला."

सुनेचा हात माउसवर थबकला. तिनं दोनतीन ठिकाणी दाबून पाहिलं, पडद्याजवळ तोंड नेलं.

"आई, नुसता पंखा नाही साफ केला. हा संगणक सोमवारी पुसून पहिल्यापासून नवा केलाय. म्हणून यंत्र बंद पडलं. हे चुकून होत नाही."

३

संगणकाच्या डॉक्टरचं दुकान चौकापलीकडे होतं. उघडे पडलेले संगणक, तारांची भेंडोळी आणि मध्ये कानाला पेन लावलेला डॉक्टर. संगणक दुरुस्त करण्याआधी तो त्याला कान लावून ऐकायचा, म्हणून हे नाव पडलं होतं.

"कुणाच्या परवानगीनं पुसलास रे आमचा संगणक?" रेकॉर्डबाईनं आत पाऊल टाकायच्या आधीच सुरुवात केली.

"मावशी, बसा तरी."

"बसायला नाही आले. बायकामाणसांची चार वर्षांची मेहनत धुऊन टाकलीस आणि बसा म्हणतोस?"

डॉक्टर आधी भांबावला, मग तोही भडकला. "मला कशाला झापताय? मी म्हटलं होतं पंखा साफ केला की काम होईल. तुमचे चिरंजीवच म्हणाले, नाही, सगळं नवं टाका. मी दोनदा विचारलं. तेही दोनदा म्हणाले, पण डाउनलोडचा कप्पा तेवढा तसाच ठेवा."

सून पुढे झाली. "यंत्राचा ड्रायव्हर जाईल हे सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगितलं की! त्या प्रिंटरचं नाव दिसलं म्हणून मीच विचारलं, हा जुना आहे, परत टाकायला फाईल आहे ना? ते म्हणाले, आहे. मी म्हटलं, मग आत्ताच टाकून देतो. ते म्हणाले, राहू द्या, ती आल्यावर टाकेल तिची ती."

रेकॉर्डबाईचा चेहरा उजळला. तिनं सुनेचं मनगट धरलं.

"ऐकलंस? सोमवारी फाईल होती! म्हणजे रविवारी यानं भंगारात टाकलेली नाही. मी काय म्हणत होते? निष्काळजी नाही माझा मुलगा!"

सून तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता.

"हो आई," ती सावकाश म्हणाली. "निष्काळजी नाहीत ते."

४

"आता घड्याळवाला," रेकॉर्डबाई जिना चढता चढता म्हणाली. "पेनड्राइव्ह त्यानंच रिकामा केला असणार. गेल्याच महिन्यात भांडून गेलाय ना तुझ्याशी, यंत्राच्या आवाजावरून?"

घड्याळवाले काका पहिल्या मजल्यावर, बरोबर गॅलरीखालच्या खोलीत बसून घड्याळं दुरुस्त करत. त्यांनी दार उघडलं तेव्हा डोळ्याला भिंग तसंच होतं. भिंगातला डोळा प्रचंड मोठा आणि रागीट दिसत होता.

"आलात? या. तीन दिवस शांतता होती तर हात कसा स्थिर होता. झालं का सुरू तुमचं धडाधडा?"

"सुरू कसं होईल? तुम्हीच बंद पाडलंत ना!"

"मी?"

"पेनड्राइव्ह कोणी नेला होता शनिवारी?"

"मी नेला. बहिणीचा अर्ज छापून आणायचा होता. संध्याकाळी तुमच्या मुलाच्या हातात परत दिला. त्यात तुमची एक फाईल होती, तिला मी हातही लावला नाही. माझा अर्जसुद्धा त्यातच राहिलाय, हवा तर बघा."

"काही नाही त्यात. कोराकरकरीत आहे."

काकांनी भिंग काढलं. डोळा एकदम छोटा आणि थकलेला झाला. "माझा अर्जही नाही? अहो, मग माझं ऐका. तुमच्या त्या यंत्रानं माझं डोकं फिरतं, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, लपवत नाही. पण मला ते बंद पाडायचं असतं, तर वर येऊन एक स्क्रू अर्धा पीळ ढिला केला असता. सहा महिने कुणाला कळलं नसतं. ते माझं काम आहे. संगणकात कुठल्या फायलीनं तुमचं यंत्र चालतं, हे मला काय ठाऊक? माझ्या चष्म्याचा नंबर मला पाठ नाही!"

"पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा नाही," काका ओरडले. "सोमवारी दुसरी प्रत काढायला पेनड्राइव्ह मागायला वर आलो, तर तुमचा मुलगा दारातूनच म्हणाला, सापडत नाही. विचारा त्यालाच!" आणि त्यांनी दार आपटलं.

दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्या वाटेवर रेकॉर्डबाई थांबली. पायरीवर बसली. पेनड्राइव्ह कधीच हरवला नव्हता. शनिवार संध्याकाळपासून तो खुंटीवर होता, किल्ल्यांच्या शेजारी. सोमवारी सकाळी पेन्शन कचेरीला निघताना तिनं स्वतः घराची किल्ली काढली, तेव्हा तो तिच्या बोटांना लागला होता.

"आई, पाणी आणू?"

"नको," रेकॉर्डबाई म्हणाली. "वर चल. मला एक कपाट बघायचंय."

५

मुलाचं कपाट त्याच्या गोदामासारखंच होतं. शर्ट रंगाप्रमाणे, मोजे जोडीनं, पावत्या वर्षाप्रमाणे. सून पावत्यांचे खोके उपसू लागली.

"तिथे नाही," रेकॉर्डबाई म्हणाली. "जी गोष्ट दिसायला नको पण फेकवतही नाही, ती माणूस पावत्यांत ठेवत नाही. आमचा हेडक्लार्क कुठे ठेवायचा माहीत आहे?"

तिनं मधल्या फळीवरचे शर्ट उचलून सुनेच्या हातात दिले आणि फळीवर अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद वर केला.

खाली लाल पाठीचं, रेघांचं एक पातळ रजिस्टर होतं.

रेकॉर्डबाईनं ते उघडलं. रविवारची तारीख, खाली चार रकाने: क्रमांक, जुनं नाव, नवं नाव, जागा. एक ते सहाशे चाळीस, सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नाही. शेवटी बेरीज: लागणारं तीनशे एक, नंतर बघू सत्त्याण्णव, भंगार दोनशे बेचाळीस.

"लागणारं तीनशे एक," रेकॉर्डबाई म्हणाली. "आता आहेत तीनशे."

तिचं बोट रकान्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. क्रमांक ३८८. जुनं नाव: सेटअप ३. नवं नाव: ब्रेल यंत्राचा ड्रायव्हर. जागा: लागणारं. पुढे समासात लाल शाईनं चार शब्द होते. ते वाचून तिनं रजिस्टर मिटलं.

सुनेनं ते तिच्या हातातून घेतलं नाही. तिच्या हातात त्याच कागदाखाली सापडलेला दुसरा कागद होता, घडी घातलेला, शिक्क्याचा. तो तिनं वाचला, पुन्हा वाचला, आणि शर्टांचा गठ्ठा जमिनीवर टाकून दिला.

"आई," ती म्हणाली, "हे तीन आठवड्यांपूर्वीचं आहे."

६

मुलगा साडेसहाला आला. टेबलावर रजिस्टर ठेवलेलं होतं. पलीकडे आई, शेजारी बायको. त्यानं एकदा रजिस्टरकडे पाहिलं आणि चप्पल जागच्या जागी नीट जोडून ठेवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"बस," आई म्हणाली. "मी सकाळी निघाले होते तू निष्काळजी नाहीस हे सिद्ध करायला. केलं सिद्ध. आता ऐक."

"आई..."

"ऐक म्हटलं ना! तू म्हणालास, फाईल चुकून भंगारात गेली. तुझ्या रजिस्टरात ती लागणाऱ्यांत आहे. भंगार तू मोजलंस दोनशे बेचाळीस, त्यात ती नाही. म्हणजे रविवारी ती जागेवर होती, तिचं नावसुद्धा तू नीट लावलंस. तू म्हणालास, पेनड्राइव्ह घड्याळवाल्यानं रिकामा केला. तुझ्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर रविवारच्या तारखेनं लिहिलंय: पेनड्राइव्ह, फायली दोन, ब्रेल ड्रायव्हर एक, काकांचा अर्ज एक. त्यांनी परत दिला शनिवारी. मग रविवारी दोन फायली कशा मोजल्यास? तो बिचारा खरं बोलत होता आणि मी त्याच्या दारात जाऊन त्याला चोर ठरवून आले!"

मुलगा टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होता.

"सोमवारी मी घरात नाही हे बघून रजा टाकलीस. डॉक्टरला बोलावून संगणक पुसून घेतलास, म्हणजे यंत्र मुकं झालं. त्यानं ड्रायव्हर परत टाकतो म्हटलं, तर नको म्हणालास. तो गेल्यावर एकच फाईल काढलीस, एकच, आणि पेनड्राइव्ह पुसलास. काकांच्या अर्जासकट, म्हणजे काकांवर ढकलता येईल. मग आज सकाळी तिनं जाब विचारायच्या आत माफी मागून मोकळा. चुकलो म्हणणाऱ्या माणसाला पुढे कोण काय विचारणार? आवराआवरीत गेली, संपलं!" तिचा आवाज फाटला. "रंगकामात फाईल गेली! हे कुठे शिकलास रे?"

"तूच सांगायचीस," तो पुटपुटला. "जेवताना."

रेकॉर्डबाईनं टेबलावर थाड्कन हात मारला. "ते करणाऱ्यांची चीड यावी म्हणून सांगत होते मी! तू ते शिकून ठेवलंस?"

मग सुनेनं शिक्क्याचा कागद उलगडून त्याच्यासमोर सरकवला.

"बढती. दुसऱ्या शहरातलं गोदाम. एक तारखेला हजर व्हायचं. तुमची संमतीची सही, तीन आठवड्यांपूर्वीची. मला विचारायचं कधी ठरवलं होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो एकदम उसळला. "मुलं, मुलं, मुलं! दर वर्षी नवी अकरा मुलं! ती कधी संपणार नाहीत. माझी बढती एकदाच येणार होती. म्हटलं, काम थांबलं तर शाळा दुसरीकडून छापून घेईल. कुणाचं काही अडत नाही. चार दिवस तू चिडशील, मग येशील. आणि मी फाईल फेकलेली नाही! तिकडे गेल्यावर देणारच होतो."

"देणार होतात? काय सांगून?"

त्याचा हात खिशावर गेला.

"सापडली म्हणून," सून म्हणाली. "सामान लावताना सापडली, म्हणून देणार होतास. आणि मी तुझे उपकार मानायचे." लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्याला अरेतुरे करण्याची तिची ही पहिली वेळ, आणि ती तिघांच्याही कानात बसली. "कोंडून ठेवलं असतंस तरी एक वेळ कळलं असतं मला. तू माझ्यासमोर मान खाली घालून माफी मागितलीस! मी निष्काळजी म्हटलं तर ऐकून घेतलंस! आणि सकाळभर मला अपराधी वाटत होतं, की आपण जरा जास्तच बोललो."

रेकॉर्डबाईनं रजिस्टर उघडून लाल शाईवर बोट ठेवलं. "क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी. जावक, सोमवार. ताबा, स्वतः. चोरीसुद्धा नोंद करून केलीस. हे फाडून का नाही टाकलंस?"

"रजिस्टर फाडता येत नाही मला," तो म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी लहान झाला होता.

"आण."

त्यानं खिशातून पाकीट काढलं. नोटांच्या कप्प्यामागून नखाएवढं मेमरी कार्ड निघालं. ते त्यानं बायकोपुढे धरलं, पण तिनं हात पुढे केला नाही. शेवटी त्याला ते टेबलावर ठेवावं लागलं, आणि मगच तिनं उचललं.

ती उठून संगणकासमोर बसली. दहा मिनिटांत गॅलरीतून पहिला ठोका आला, मग दुसरा, मग सगळं घर हादरायला लागलं. रेकॉर्डबाई उठली आणि खालच्या मजल्यावर माफी मागायला निघाली. मुलगा म्हणाला, "आई, मी जातो." ती मागे न बघता म्हणाली, "तुला मी दुसरीकडे पाठवणार आहे."

७

बुधवारी सकाळी तो अंधशाळेत गेला. बरोबर आई होती.

वर्गात अकरा मुलं होती. बाईंनी सांगितलं, तिसऱ्या भागाला उशीर का झाला हे सांगायला पाहुणे आलेत. त्यानं येताना मनात काही वाक्यं जुळवली होती, तांत्रिक अडचण वगैरे. पण आई दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"माझ्यामुळे उशीर झाला," तो म्हणाला.

"तुमच्या हातून चुकून काही झालं का?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं. तिचा चेहरा त्याच्या किंचित डावीकडे वळलेला होता. आवाजात काळजी होती, त्याच्याचबद्दलची.

"नाही. मुद्दाम केलं."

मग मागून एकानं विचारलं, "पण आम्ही काय केलं होतं तुमचं?"

त्यानं टेबलावरचे खडू एका रेषेत लावले. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगीच म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात काळजीचा मागमूस नव्हता, "छापून व्हायला किती दिवस लागणार?"

"पाच दिवस."

"मग तोवर वाचून दाखवा. डोळसांचं पुस्तक आहे ना बाईंकडे? धडा एकवीसपासून."

त्यानं पाच दिवसांची रजा टाकली. रोज दहा ते चार, मध्ये अर्धा तास सुट्टी. त्याला वाचायची सवय नव्हती. तो सनावळ्या चुकवायचा, आणि मुलं फाडकन सांगायची, परत वाचा. एकदा त्यानं कंटाळून अर्धा परिच्छेद गाळला. दोन वाक्यं जुळत नाहीत हे तिघांनी एकदम पकडलं. "लपवू नका," पुढच्या बाकावरची म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला. कुणी पाणी विचारलं नाही. त्यानं स्वतःच जाऊन घेतलं.

घरी तो जेवणापुरता बोलायचा, तेही आईशी. बायको दिवसभर यंत्राजवळ असायची. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "एक तारखेचं काय करायचं?"

"तू जा," ती कागद लावता लावता म्हणाली. "सही तुझी आहे."

"आणि तू?"

"मला कामाच्या मध्ये विचारू नकोस."

त्यानं आईकडे पाहिलं. आई पानांचे गठ्ठे अकरा ठिकाणी लावत होती, बोटाला थुंकी न लावता, सुनेनं शिकवलं तसं, ठिपके दबू नयेत म्हणून. "माझी पेन्शन इथल्या शाखेत येते," ती म्हणाली. "मी कुठे जाणार?"

पाचव्या दिवशी दुपारी तो वर्गात शेवटून दुसरा धडा वाचत होता. तहाची कलमं चालली होती. दार उघडलं आणि सून आत आली, मागे शिपाई, दोघांच्या हातांत जाडजूड पुस्तकं. तिनं पहिली प्रत पुढच्या बाकावर ठेवली. मुलीनं पान उघडलं, दोन्ही हात कागदावर ठेवले आणि बोटं ओळीवरून सरकू लागली. मग दुसऱ्या बाकावर, मग तिसऱ्या. खुर्च्या सरकल्या, पानं उलटली, कुणीतरी शेजारच्याला धडा कितवा ते विचारलं.

तो तिसऱ्या कलमाच्या मध्यावर होता. वाक्य पुरं करावं म्हणून त्यानं आवाज जरा चढवला.

"थांबलात तरी चालेल," पुढच्या बाकावरची मुलगी मान वर न करता म्हणाली. "आता आम्ही वाचतो."

सून रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालून झाल्यावर ती बाईंशी पुढच्या वर्षीच्या भूगोलाबद्दल बोलत बाहेर निघून गेली, आणि तो पुस्तकात बोट घालून फळ्यापाशी उभा राहिला.